बुधवारचं गिऱ्हाईक

बुधवार माझा असायचा. सोमवार ताईचा आणि गुरुवार धाकट्या भावाचा. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा काचा आणायला घाऊक बाजारात जायचे, शनिवार-रविवार दुकानात गर्दी. तेव्हा उरलेले तीन वार तीन मुलांना. ही वाटणी कधी झाली ते आम्हाला आठवत नाही. आम्हाला कळायला लागलं तेव्हा ती होतीच.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, भिंतीला आरसे आणि फ्रेम्स, मागे डोळे तपासायची खोली. खोली कसली, बोळच. एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता आणि त्याच्यामागे दिवा. पडदा ओढला की तक्ता सोडून सगळा अंधार. दुपारी दुकान बंद असे. साडेतीनला बाबा शटर अर्धं वर करायचे, चारला पूर्ण. मधला अर्धा तास आमचा. ज्याचा वार असेल त्याने शाळेतून थेट यायचं, शटरखालून वाकून आत शिरायचं आणि खुर्चीवर चढायचं. कोणी बाहेरून डोकावून "चालू आहे का हो?" असं विचारलं, की बाबा आतूनच ओरडायचे, "आत गिऱ्हाईक आहे. चारला या!"

गिऱ्हाईक म्हणजे आम्ही.

आधी रीतसर डोळे तपासले जायचे. ती जड, गोल, लोखंडी फ्रेम नाकावर चढवायची, तिच्या खाचेत बाबा एकेक काच सरकवायचे आणि विचारायचे, "आता बरं, की मघाशी बरं होतं?" दर आठवड्याला नंबर बदलत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण दोघांनीही तक्त्याकडे तोंड करून, एकमेकांकडे न बघता बसायचं, हातात काहीतरी चालू ठेवायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या काचेला त्याच आवाजात "मग, शाळेत काय?" असं विचारायचं, ही त्यांची पद्धत होती. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर आम्ही तिघांनीही "काही नाही" म्हटलं असतं.

आमची नावंसुद्धा त्या खुर्चीवरच पडली. ताई 'उणे दोन'. भावाच्या काचेचा कोन जरा कलता होता, म्हणून तो 'तिरप्या'. माझे डोळे ठणठणीत; एकही काच न लावता मला शेवटची ओळ वाचता यायची. म्हणून मी 'शून्यबाई'.

"हिच्याकडून मला एक चष्मा खपत नाही," बाबा आईला सांगायचे. "धंद्याला बुडवणारी मुलगी आहे."

आणि एक नियम होता. आई जेवताना कधीतरी विचारायची, "आज काय एवढं बोलत होतात बापलेक?" बाबा पानावरून मान वर न करता म्हणायचे, "त्या खोलीतलं त्या खोलीत." ताईला सोमवारी काय सांगितलं, ते मला कधी कळलं नाही. माझ्या बुधवारातलं एक अक्षर भावाच्या गुरुवारात गेलं नाही. भांडणात आम्ही एकमेकांचं काय वाट्टेल ते बाहेर काढायचो. पण हे नाही. ते आमच्या अंगवळणी पडलं होतं.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या मैत्रिणीबद्दल वर्गात एक खोटी गोष्ट पसरवली होती. ती गोष्ट काय होती, ते अजूनही लिहिण्यासारखं नाही. बुधवारी चौथ्या काचेला मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी काच काढली, मऊ फडक्याने बराच वेळ पुसली.

"उद्या तिला सांगशील, की तूच ते केलंस म्हणून?"

"नाही."

"बरं." दुसरी काच सरकवली. "परवा?"

"नाही."

"बरं. शनिवारी अर्धी शाळा असते ना?"

मला हसू आलं आणि रडूही. शनिवारी सांगितलं मी. मैत्रीण पुन्हा बोलायला लागली नाही, तेही मी पुढच्या बुधवारी सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "नाही लागणार. तरी सांगितलंस ते चांगलं केलंस."

दुसराही एक बुधवार मला सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका फ्रेम बघायला आले होते. मी काउंटरमागे होते. काका बाबांशी बोलत होते, पण बघत होते भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाबांनी फ्रेम पुढे केली तर घड्याळालाच म्हणाले, "छान आहे हो." मला हसू फुटलं आणि मी खाली वाकून ड्रॉवर उघडल्याचं नाटक केलं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. बुधवारी बोलले.

"त्या काकांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय," ते म्हणाले. "सरळ बघितलं की ज्याच्याकडे बघायचं तेच नेमकं पुसलं जातं. कडेचं दिसतं. म्हणून ते नजर बाजूला नेतात आणि माणसाला कडेने पकडतात. त्यांनी घड्याळाकडे बघितलं तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. कळलं?"

"हो."

"काचेने नाही सुधारत ते. म्हणून निदान हसू तरी नये."

हे फक्त मला सांगितलेलं. ताई आणि भाऊ तेव्हा तिथे नव्हते, आणि नियमाप्रमाणे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आम्ही तिघं तीन गावांना गेलो तरी वार तेच राहिले, फक्त खुर्चीच्या जागी फोन आला. साडेतीनला मीच लावायचे. आई गेल्यावर तर बाबा फोनच्या शेजारी बसूनच असायचे बहुतेक, कारण पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलायचे. "गिऱ्हाईक आलं," म्हणायचे. मग एकवीस वर्षांचा माझा प्रत्येक बुधवार. नोकरीतले अपमान, लग्न, ते मोडल्यावरचे महिने. अर्धा तास झाला की तेच म्हणायचे, "चल, शटर वर करतो."

मी एका मोठ्या इस्पितळात नर्सेसच्या पाळ्या लावते. दोनशे चाळीस बायका, तीन पाळ्या, रजा, आजारपणं, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही ते वेगळंच. या कामात माणसाला एक खोड लागते: कुठेही मोकळा तुकडा दिसला की तो दुसऱ्या तुकड्याला जोडावासा वाटतो. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नवीन विभाग सुरू झाला, आणि बुधवारी दुपारी साडेतीनला आढावा बैठक पडली. दोन बुधवार मी फोन चुकवला. तिसऱ्या बुधवारी मला तोडगा सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

"रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी एकत्र व्हिडिओवर यायचं," मी बाबांना सांगितलं. "तीन वेळा तेच तेच सांगायला नको. आणि बाबा, तिघांचे चेहरे एकदम दिसतील तुम्हाला."

"चेहरे दिसतील म्हणतेस," बाबा म्हणाले.

"दिसतील म्हणजे काय! टॅब पाठवतेय मी, मोठ्या पडद्याचा."

"आणि बुधवार?"

"बुधवारी तुम्हाला सुट्टी."

"सुट्टीत मी करू काय?"

मी हसले. ते विनोद करत आहेत असं वाटलं मला. ते विनोद करायचेच ना. ताईने "बरं बाई, तू म्हणशील तसं" म्हटलं, भावाने अंगठा पाठवला, आणि वेळापत्रक बसलं.

रविवार छान जायचे. खरंच छान जायचे, हे मला लपवायचं नाही. ताईची मुलं मध्ये डोकावायची, भाऊ दाढी करता करता बोलायचा, आम्ही एकमेकांची टर उडवायचो. बाबा मात्र कमी बोलायचे. "मी ठीक. तुम्ही बोला." दुकान त्यांनी त्याच सुमारास बंद केलं. पायऱ्या चढवत नाहीत म्हणाले, गुडघे. खोल्या दुकानाच्या वरच होत्या, पायऱ्या बावीस. आम्हा तिघांनाही ते पटलं, असं मी धरून चालले.

आणि ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत बसायचे.

"बाबा, छतावर पाल आहे का?" भावाने पहिल्यांदा विचारलं, आणि आम्ही हसलो.

"बाबा, अहो कुठे बघताय? कॅमेरा मध्ये आहे, मध्ये!" हे मी म्हटलं. एकदा नाही, बऱ्याच रविवारी म्हटलं. टॅब थोडा खाली करा, थोडा डावीकडे घ्या.

"तुमच्याकडेच बघतोय," ते म्हणायचे.

काही महिन्यांनी भाऊ पाल वगैरे म्हणेनासा झाला. उलट बोलायच्या आधी "बाबा, मी तिरप्या" असं सांगायला लागला. मला वाटलं, पोरगं पोक्त झालं.

एकदा बुधवारी साडेतीनला त्यांचाच फोन आला. मी बैठकीतून बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये उचलला.

"शून्यबाई, वेळ आहे का?"

"बाबा, तातडीचं आहे का काही?"

"तातडीचं असं नाही. तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"मग रविवारी बोलू ना. सगळेच असतील."

"सगळ्यांत नको."

आतून मला कोणीतरी हाक मारली. "बरं, मी करते उद्या," मी म्हटलं.

उद्या गुरुवार होता. मी केला नाही. गुरुवार माझा नाही, असं कारणही माझ्या मनात येऊन गेलं, इतकी मी हुशार. त्यानंतर दोनदा त्यांचा फोन आला तेव्हा मी न उचलता संदेश पाठवला: 'कामात आहे, नंतर करते.' त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, रागावले असतील. रविवारी गोड बोलेन. रविवारी ते म्हणाले, "मी ठीक. तुम्ही बोला."

त्यांनी चहा ठेवला आणि खुर्चीत बसले, ते बसलेच. चहा जळल्याचा वास आला म्हणून खालचे शिंपीकाका वर धावले. हृदय, डॉक्टर म्हणाले; काही कळलंही नसेल. मंगळवार होता.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं खोल्या आणि दुकान रिकामं करायला जमलो. ताई पुढे काउंटरपाशी फ्रेम्स खोक्यांत भरत होती. भाऊ जाड मार्करने खोक्यांवर नावं टाकत होता. मी वरून स्वयंपाकघरातला पसारा आणत होते.

शेगडीच्या बटणावर काहीतरी चिकटवलेलं होतं. नखाएवढी मऊ पारदर्शक टिकली. चष्मा नाकाला जिथे टेकतो तिथे असते ती. बाबांच्या ड्रॉवरमध्ये अशा टिकल्यांची पुडकीच्या पुडकी असायची. मला वाटलं, चुकून चिकटली असेल. मग दिव्याच्या बटणावर तशीच दिसली. मग साखरेच्या डब्यावर एक, आणि मिठाच्या डब्यावर दोन. जिन्याच्या कठड्यावर, शेवटच्या पायरीच्या जरा आधी, तीन ओळीने. फोनच्या एक, दोन आणि तीन या आकड्यांवर एकेक.

मी फोन घेऊन खाली गेले.

"हे काय आहे रे?"

भावाने बघितलं आणि मार्करचं टोपण लावलं. पुढे ताईच्या फ्रेम्सचा आवाज थांबला.

"बोटांना कळायला," तो म्हणाला. "एक दाबलं की ताईला फोन, दोनला तुला, तीनला मला."

"बोटांना का?"

"दिसत नव्हतं गं त्यांना. मधलं. दोन वर्षं होत आली असतील."

मी तपासणीच्या खुर्चीच्या पायरीवर बसले. खुर्ची अजून तिथेच होती, ती कोण नेणार ते ठरलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. गुरुवारी."

"कुठल्या गुरुवारी? आपण तर रविवारी..."

"मी गुरुवारचा फोन सोडलाच नव्हता," तो म्हणाला. "रविवारी तुम्हा सगळ्यांसमोर मी काय बोलणार? माझी नोकरी गेली होती तेव्हा."

त्याची नोकरी गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

ताई पडद्यापाशी येऊन उभी होती. हातात एक जुनी, काडी तुटलेली फ्रेम. मी तिच्याकडे बघितलं. "तूसुद्धा?"

"सोमवारची सवय मोडवत नव्हती," ताई म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. एवढं सगळं तू बसवलं होतंस."

म्हणजे माझं वेळापत्रक पाळणारी मी एकटीच होते.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही. दोघांनीही. मी दर रविवारी त्यांना कॅमेऱ्याकडे बघा म्हणून सांगत होते, आणि तुम्ही ऐकत होतात."

"त्या खोलीतलं त्या खोलीत," ताई हळू म्हणाली. ती हे बचाव म्हणून म्हणत नव्हती. पाठ असलेली ओळ तोंडातून निघावी तसं ते निघालं. मीही तेच केलं असतं. मी या दोघांना पोस्टातल्या काकांचं कधी सांगितलं होतं?

"मी विचारलं त्यांना, मी सांगू का हिला म्हणून," भाऊ म्हणाला. "दोनदा विचारलं. म्हणाले, नको, तिचं तिला मी सांगणार. तिच्या वारी."

"अजून काय म्हणाले?"

"ते माझ्या गुरुवारचं आहे."

"तिरप्या."

बाहेर अर्ध्या शटरखालून पावलं जाताना दिसत होती. कोणी थांबलं नाही, वाकलं नाही.

"सुरुवातीला म्हणायचे, तिला सांगावं लागणार नाही, बघशील तू," तो म्हणाला. "तिला ते मी लहानपणीच शिकवलंय. एखाद्या रविवारी ती आपण होऊन ओळखेल." त्याने मार्करचं टोपण काढलं आणि परत लावलं. "नंतर तसं म्हणेनासे झाले."

ताई म्हणाली, "काय शिकवलं होतं?"

मी पहिल्यांदाच नियम मोडला. काकांचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, ड्रॉवर उघडल्याचं नाटक सांगितलं. सांगताना माझा आवाज ठीक होता. नर्सेसना पाळ्या वाचून दाखवते त्या आवाजात सांगितलं. ताईने तुटकी फ्रेम खोक्यात ठेवली, पुन्हा बाहेर काढली, आणि पुढे निघून गेली.

"मला काय सांगायचं होतं त्यांना?" मी भावाला विचारलं. "फक्त डोळ्यांचं? की आणखी काही?"

"ते मला कसं माहीत असणार? मला जे सांगायचं ते मला सांगितलं. तुझं तुझ्यासाठी ठेवलं होतं."

"अंदाज तरी?"

"अगं, अंदाज कसला त्यात," तो जरा चिडूनच म्हणाला. "माझ्याशी बोलायचे ते बाबा वेगळे होते. तुझे मी बघितलेच नाहीत कधी."

भिंतीच्या कपाटात काचांची लाकडी पेटी होती. खाचांमध्ये गोल काचा ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या कडेला नंबर. मी पहिल्या दोन उचलल्या, बिननंबरी, साध्या. माझ्या. भावाकडून मार्कर घेतला आणि दोन्ही काचांच्या बरोबर मध्ये वाटाण्याएवढा काळा ठिपका भरला. वाळेपर्यंत फुंकर घातली. मग ती जड फ्रेम नाकावर चढवली. मोठ्या माणसाच्या नाकालाही ती जडच लागते. दोन्ही काचा सरकवल्या.

भाऊ समोर उभा होता. मी त्याच्याकडे सरळ बघितलं, आणि त्याचा चेहरा गेला. कान होते, शर्टाची कॉलर होती, खांदे होते, मागचा पडदा होता. मध्ये मळकट काळं काहीतरी. मी डोळे बारीक केले, मोठे केले. बाबांचा डाग नजरेबरोबर फिरत असणार, हा काचेवर बसलेला, तेवढा फरक. मी मान हळूहळू कपाटाकडे वळवली. अजून थोडी. वरच्या कोपऱ्याकडे. तेव्हा कुठे काळ्याच्या कडेने त्याचा एक गाल आला, मग डोळा. नीट नाही, पण तोच होता. दाढी केलेली नव्हती. डोळ्याखाली काळं पडलं होतं, आणि ते कधीपासून होतं ते मला माहीत नव्हतं.

शनिवार होता. कोणाचाच वार नव्हता.

"कुठे बघतेयस?" भावाने विचारलं.

"तुझ्याकडेच," मी म्हटलं.